बाळाला येणारा धुरीचा वास

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी कंटाळा आहे. इथले अनुभव वाचतानाही 'मांजर असेल' म्हणून मी मोकळी होते. सोलापुरात नवजात बाळांना होणाऱ्या जंतुसंसर्गावर मी संशोधन करते. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर जे उगवतं तेवढंच खरं, असा आमचा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आमच्याकडे बाळाला अंघोळीनंतर धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला शेकायचं. या धुरीशी माझं जुनं वैर! भवानी पेठेपासून माळशिरसपर्यंत मी सांगत फिरते — बाळाची फुप्फुसं नाजूक असतात, धूर देऊ नका. बायका मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की शेगडी पेटवतात.

तर, गेल्या हिवाळ्यात भर दुपारी मी बाळांच्या अतिदक्षता विभागात नमुने घ्यायला गेले होते. सांगोल्याकडच्या रेणुकाचं बाळ घरी निघालं होतं. कमी वजनाचं जन्मलेलं, पण आता छान दूध पीत होतं. तिची आधीची दोन्ही बाळं जन्मल्यावर लगेचच गेलेली. बाहेर जीप उभी, सासूबाईंनी नवी कुंची आणलेली. मी कौतुकानं बाळावर वाकले आणि... धुरीचा भपकारा आला.

माझं डोकंच फिरलं. ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी निखारे?

"आजी, धुरी दिलीत का बाळाला?"

"न्हाय वो बाई. हितं कुटनं देनार धुरी?"

मी कुंची हुंगली, दुपटं हुंगलं. कशालाच वास नव्हता. वास फक्त बाळाला होता. वहिदा सिस्टरना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, मला सॅनिटायझरशिवाय कसलाच वास येत नाही."

बाळ शांत झोपलेलं. पण वास दाट होत चालला. एवढंच कळत होतं की हे बाळ त्या जीपमध्ये बसता कामा नये.

"थांबा. एकदा रक्त तपासू."

रेणुकाचा चेहरा पांढरा पडला. नवरा चिडला, "सकाळी तर म्हनले समदं बेस हाय. आता काय झालं?"

बालरोगतज्ज्ञ आले. "लक्षण काय?" आता यांना काय सांगू — बाळाला ओव्याचा वास येतोय? "पाय गार लागतायत," मी ठोकून दिलं. त्यांनी पाय चाचपले. गार नव्हते! विचित्र नजरेनं माझ्याकडे बघितलं, पण माझा हट्ट राखला; रक्त घेतलं आणि बाळाला ठेवून घेतलं.

दिवस मावळायच्या आत बाळानं दूध सोडलं. मग खरंच अंग गार पडलं, श्वास अडखळू लागला. नवजात बाळाला संसर्गात ताप येतोच असं नाही, ते गारही पडतं. कुंचीत गुंडाळलेलं असताना, सांगोल्याच्या वाटेवर, हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे अँटिबायोटिक तिथल्या तिथे सुरू झालं. रेणुका काचेबाहेर उभी होती. ती रडतही नव्हती, तेच मला बघवेना.

बाळ वाचलं. त्या रक्तातून प्लेटवर जंतू उगवले. काही जंतूंना वास असतो, म्हणून लॅबचा नियम मोडून मी ती प्लेट हुंगली. ओव्याचा मागमूस नाही.

बाळाला घरी नेताना रेणुकाच्या सासूबाईंनी माझा हात धरला. "त्या दिशी धुरी लई चांगली दिली बगा."

"कुणी दिली?"

"तुमीच की! तुमी इचारलंत, त्याच्या मागनं मला बी वास आला. म्हनलं, बरं झालं, दवाखान्यात बी देत्यात."

मला भास झाला म्हणावं, तर त्यांनाही झाला?

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीला मुलगी झाली. दारात पाऊल टाकलं तर शेगडी पेटलेली, ओवा तडतडतोय, घरभर धुरी. आई म्हणाली, "आता भाषण नको हं!"

भाषण नाही दिलं. शेगडी अंगणात नेऊन ठेवली, खिडक्या सताड उघडल्या आणि बाळाला छातीशी धरून बसले. यातला वास कुठला आणि बाळाचा कुठला, हे धूर गेल्याशिवाय कळणार कसं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाळाच्या टाळूशी नाक लावून वाट बघत राहिले...

वास गेला. सगळा गेला. मग मात्र मला रडू आवरेना.