धडामचे चंदेरी बूट

धडामला धडाम म्हणणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दुकानात येणारी पोरं त्याला काका म्हणतात, शाळेचे बूट मागतात, आणि त्यांच्या आया "जरा मोठेच द्या हो, पुढच्या वर्षीपण चालले पाहिजेत" अशी घासाघीस करतात. पण कधीमधी एखादी पन्नाशी ओलांडलेली बाई मापाच्या पट्टीवर पाय ठेवता ठेवता थांबते, त्याच्याकडे टक लावून बघते आणि विचारते, "तुम्ही चांदणचोरमधले ना? ते मागे बसायचात ते?"

"हो, मागे बसायचो तोच," असं म्हणून धडाम कानांपर्यंत लाल होतो. मग त्या बाईला नको असलेले चार जोडही दाखवले जातात, चहा मागवला जातो, आणि आतून बायकोचा आवाज येतो, "झालं का सुरू तुमचं पुराण?"

पुराण म्हणा नाहीतर काही म्हणा, एके काळी चांदणचोर या नावाची हवा होती. चार पोरं. अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे, गालांवर रंगवलेले तारे, डोळ्यांत काजळ, पायांत वीतभर उंच टाचा आणि कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी. ग्लॅम रॉक म्हणतात याला. आजच्या पोरांना जुने फोटो दाखवले तर ती पोट धरून हसतात. हसू देत. तेव्हा याच फोटोंसमोर उभं राहून त्यांच्या आयांनी केस विंचरले आहेत.

धडामचे वडील बूट शिवायचे. काम करताना दातांत खिळे धरायची सवय, त्यामुळे बोलणं कमी, आणि पुढे खिळे नसले तरी ते कमीच राहिलं. लहानपणी धडाम दुकानाच्या कोपऱ्यात बसून पॉलिशच्या रिकाम्या डब्या उलट्या मांडायचा आणि वडिलांच्या हातोडीबरोबर बडवत बसायचा. ते टाच ठोकायला लागले की हा सुरू, ते थांबले की हा थांबायचा. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "नवरा टाचा ठोकतो, पोरगा डबडी. माझ्या कानांनी कुणाचं काय घोडं मारलंय?" 'धडाम' हे नाव तिनंच ठेवलं आणि ते असं चिकटलं, की शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं की धडाम इतरांसारखाच मागे वळून बघायचा.

डबड्यांवरून तो ड्रमवर आला तो झुंबरमुळे. झुंबर गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रेता होता. अंगावर काहीतरी चमकणारं असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे, म्हणून झुंबर. गळा बरा होता, पण दिमाख असा की गळ्याकडे कुणाचं लक्षच जायचं नाही. गिटार वाजवणारा सलूनमध्ये केस कापायचा, सगळ्यांचे केस फुगवणं आणि चेहरे रंगवणं त्याच्याकडे. आणि बेस गिटारवर मुका. त्याला बोलता येत होतं, पण बोलण्यासारखं काही त्याला क्वचितच सापडायचं. झुंबरच्या मामाचं गालिच्यांचं गोदाम होतं, तिथे सराव चालायचा. गालिच्यांच्या गुंडाळ्या आवाज गिळून टाकायच्या. त्यामुळे शेजारीपाजारी तक्रार करत नसत, आणि आपण किती वाईट वाजवतो हे या चौघांनाही बरेच दिवस कळलं नाही.

पुढे मात्र ते चांगलं वाजवायला लागले. त्यातही धडाम. तो कायम अनवाणी वाजवायचा. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला एक पेडल असतं, त्याची स्प्रिंग त्याच्या पायाच्या बोटांना कळायची. किती दाबलं गेलं, केव्हा परत वर आलं, सगळं. बूट घालून वाजवणं म्हणजे हातमोजे घालून जेवणं, असं तो म्हणायचा. सलूनवाला त्याला चिडवायचा, "चांभाराचा पोरगा आणि अनवाणी!" पण ताल एकदा त्या उघड्या पायाखाली आला की बाकीच्या तिघांना कुठे बघावं लागत नसे.

टाचांचं खूळ झुंबरचं. एका मासिकातलं चित्र घेऊन तो दुकानात आला आणि धडामच्या वडिलांपुढे धरलं. वडिलांनी दातांतले खिळे काढले, चित्र उजेडात नेऊन पाहिलं आणि विचारलं, "हे बूट आहेत की स्टुलं?"

पण हातात घेतलेलं काम वाईट करणं त्यांना जमतच नसे. कॉर्कचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी असे तळ केले की उंची वीतभर आणि वजन घरच्या चपलेएवढं. वर चंदेरी रेक्झिन, गुडघ्यापर्यंत चेन. झुंबर ते घालून दुकानातून बाहेर पडला तो दाराच्या चौकटीवर डोकं आपटून. तरी खूश होता.

मग काय विचारता! कॉलेजांच्या हॉलमध्ये कार्यक्रम, मग मोठ्या थिएटरात, मग रेडिओवर 'आरशा, खरं बोल'. ते गाणं इतकं वाजलं, इतकं वाजलं, की धडामची आईसुद्धा भांडी घासताना गुणगुणायची आणि कुणी ऐकलं तर "छे, मी कुठे?" म्हणायची. पोरी गालांवर तारे रंगवून यायच्या. पोरं गुडघे न वाकवता चालायला लागली. सगळ्यांना तसल्याच टाचा हव्या होत्या, आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मुरगळलेल्या घोट्यांची रांग लागली. धडामच्या वडिलांना मान वर करायला फुरसत उरली नाही. तरी ते कार्यक्रमाला कधी गेले नाहीत. "कानांत कापूस घालून ऐकायचं, तर मी घरीच बसतो की," एवढंच म्हणायचे.

मात्र भिंतीवर पोस्टर दिसलं की थांबायचे. त्यात झुंबर, सलूनवाला, मुका, तिघांचे बूट झळकत असायचे. धडामचे मागे फुगवलेले केस दिसायचे आणि दोन काठ्या. वडील जवळ जाऊन बूट बघायचे, शिलाई बघायचे आणि पुढे चालू लागायचे. एकदा धडाम बरोबर होता. वडील पोस्टरसमोर उभे राहून म्हणाले, "तू कुठायस यात?" धडामनं केस दाखवले. वडील मान हलवून पुढे चालू लागले. धडामला मात्र ते फार लागलं. वडिलांनी शिवलेलं जगानं घातलं, आणि आपण एकटेच अनवाणी मागे बसलोय, असं त्याच्या मनानं घेतलं.

अशात टीव्हीचं बोलावणं आलं. थेट प्रक्षेपण, तीन गाणी, समोर बसलेले प्रेक्षक. रेकॉर्ड कंपनीचे लोक तिथे येणार होते, सगळं नीट झालं तर पुढचं वर्षभर देशोदेशी कार्यक्रम. आणि टीव्हीवाल्यांनी सांगितलं, ड्रमसाठी उंच चौथरा करतोय, ड्रमवाला अगदी पायांपर्यंत दिसेल. ते ऐकून धडाम त्याच संध्याकाळी वडिलांपुढे जाऊन उभा राहिला. "बाबा, मलापण करा ना एक जोड."

"बसून वाजवणाऱ्याला टाचा कशाला?" वडील म्हणाले आणि रापीनं चामडं कापत राहिले. धडाम हिरमुसला. पुन्हा विषय काढला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तो उठला तर पलंगाशी बूट होते. बाकीच्यांपेक्षा उंच. कातडं अस्सल, रेक्झिन नव्हे. टाचांभोवती बारीक चांदण्या, एकेक हातानं टाचलेली. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी कितीतरी दिवस लपवून शिवलेत. मलाही सांगितलं नव्हतं." धडामनं ते चढवले, खुर्चीत बसून जमिनीवर पाय आपटून बघितले, आणि त्याला वाटलं, झकास! दारात वडील उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "मी येतो आज," ते म्हणाले. "बूट दिसतात का नीट, बघायला."

आता खुर्चीत बसून जमिनीवर पाय आपटणं वेगळं आणि पेडल दाबणं वेगळं, हे ज्याला सगळ्यांत जास्त कळायचं तोच ते विसरला. आनंदात माणूस काय काय विसरतो!

पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीलाच घात झाला. कॉर्कच्या त्या थरांखाली पेडल आहे की नाही तेच कळेना. स्प्रिंग वर आली समजून दाबावं, तर ती अजून खालीच. एक ठोका उशिरा पडायचा, पुढचे दोन एकावर एक. झुंबरनं वळून बघितलं. मुक्यानं आयुष्यात पहिल्यांदा भुवया उंचावल्या. गाणं कसंबसं संपलं, टाळ्या पडल्या, आणि सलूनवाला गिटार सारखी करायच्या निमित्तानं चौथऱ्याशी येऊन दात खाऊन कुजबुजला, "बूट काढ! काढ ना, लगेच!"

चेन ओढायचा अवकाश होता. धडामनं हात खाली नेलाही. तेवढ्यात त्याला तिसऱ्या रांगेत वडील दिसले. गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून ते त्या बुटांकडेच बघत होते. धडामनं हात मागे घेतला.

दुसरं गाणं पहिल्याहून वाईट गेलं. आणि त्याच्या मध्येच वडील उठले. शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडत, कुणाकडे न बघता, दाराबाहेर गेले. धडामला ती रिकामी खुर्ची दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. वडील आयुष्यात एकदाच ऐकायला आले आणि लाजेनं उठून गेले, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. मग हातही त्याचे राहिले नाहीत. बूट काढणं तर दूरच, पाय आहेत हेच तो विसरला. तिसऱ्या गाण्यात झुंबर नेहमीची गिरकी घेऊन ठोक्यावर उतरायला गेला. ठोका तिथे नव्हता. झुंबर आपल्या टाचांसकट मंचावर आडवा झाला, साऱ्या देशासमोर.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच चित्र. रेकॉर्ड कंपनीनं हात वर केले. चौघे गोदामात एकमेकांवर तुटून पडले. म्हणजे तिघे धडामवर. "काढले का नाहीस?" या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही. वडिलांचं नाव तिथे घ्यायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. घरी वडिलांनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "मी घाबरलो, बाबा. एवढे लोक बघून." बुटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. कष्टानं शिवलेल्या त्या जोडानंच सगळं बुडवलं हे वडिलांना कळलं, तर ते पुन्हा आरी हातात धरायचे नाहीत, अशी त्याला भीती होती. वडील म्हणाले, "हं." विषय तिथेच संपला.

खरं सांगायचं तर त्या टाचांचे दिवस तसेही भरत आले होते. वर्षभरात पोरं साध्या जीन्समध्ये फिरू लागली असती आणि चांदणचोर आपोआप मावळले असते. पण माणसांना बोट दाखवायला एक दिवस लागतो, एक माणूस लागतो. झुंबरनं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. सलूनवाल्यानं स्वतःचं सलून थाटलं. मुका कुठे गेला ते त्यानं अर्थातच सांगितलं नाही. धडामनं काठ्या खाली ठेवल्या आणि दुकानात वडिलांशेजारी बसला. सपाट तळांचे, मजबूत, शाळेचे बूट. लग्न झालं, मुली झाल्या, आई गेली. बापलेक रोज खांद्याला खांदा लावून बसत, आणि त्या संध्याकाळबद्दल दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही.

आता वडील खूप थकलेत. दुकानात येणं होत नाही. रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची, टबात कोमट पाणी घ्यायचं आणि त्यांचे पाय भिजवून नखं कापायची, हे धडामचं काम. मुली म्हणतात आम्ही कापतो, पण तो देत नाही.

मागच्या रविवारी उजव्या पायाची नखं कापता कापता तो म्हणाला, "काल झुंबर आला होता दुकानात. साखर वाढलीय त्याची, मऊ बूट हवे होते."

"काय म्हणत होता?"

"काही नाही. तेच जुनं. तेव्हा बूट काढले का नाहीस म्हणून."

वडिलांनी टबातला डावा पाय पाण्यात हलवला. मग म्हणाले, "मग? का नाही काढलेस?"

इतकी वर्षं गिळलेलं ते धडामच्या तोंडून सहज निघून गेलं. "तुम्ही बघत होतात ना."

"अरे, म्हणून तर मी उठलो!"

धडामचा हात थांबला.

"पहिल्या गाण्यातच लक्षात आलं माझ्या, पाय अडतोय तुझा," वडील म्हणाले. "तो गिटारवाला येऊन काहीतरी बोलला, तू चेनला हात घातलास आणि माझ्याकडे बघून सोडलास. म्हटलं, मी इथे बसलोय तोवर हा काढायचा नाही. म्हणून गेलो बाहेर. दारापाशीच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. आता काढेल, आता काढेल, म्हणत शेवटपर्यंत उभा होतो मी."

"बाबा, मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटली."

"लाज?" वडिलांना ते नीट समजलंच नाही. "मला वाटलं, तुला माझा राग आलाय. कायमचं सोडलंस ना वाजवणं. म्हणून कधी विचारलं नाही."

धडामनं वडिलांचे ओले पाय छातीशी धरले आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. शर्ट भिजला, पाणी गॅलरीभर सांडलं. त्याची बायको धावत दारात आली आणि तशीच आत परतली. वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "चल, आवर आता. दुसऱ्या पायाची राहिलीत."