गवताचा पंचनामा
भीमाबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालायच्या तेव्हा मी शाळेत होते. डोंबिवलीजवळ खाडीकाठच्या गावात त्यांच्या सहा म्हशी होत्या. नवरा गेल्यावर दोन्ही मुलींची लग्नं त्यांनी या म्हशींच्या जिवावर केली. स्वतःची गुंठाभरही जमीन नव्हती. म्हशी चरायच्या त्या गुरचरणावर, म्हणजे साऱ्या गावासाठी मोकळ्या ठेवलेल्या सरकारी कुरणावर.

त्र्याण्णव साली भाद्रपदातल्या अमावास्येला उधाण आलं आणि खाडीचा बांध फुटला. तो पुन्हा बांधेपर्यंत दिवाळी उजाडली. तोवर रोज दोनदा भरतीचं पाणी कुरणात शिरत राहिलं. गवत आधी पिवळं पडलं, मग काळं होऊन कुजलं. भीमाबाईंनी आठवडाभर विकतचा पेंढा घातला. तो परवडेना, तेव्हा म्हशी हाकत त्या पायी आंबिवलीला भावाकडे गेल्या. काळुरामनं, त्यांच्या भावानं, म्हशी ठेवून घेतल्या, पण त्याच्याकडेही चारा मोजकाच होता. दुसऱ्या दिवशी परत येऊन भीमाबाईंनी रतिबाच्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, उद्यापासून दूध नाही.

माझी आई, मंदाकिनी, ठाण्याला सरकारी कचेरीत लिपिक होती. तिनं भीमाबाईंना बसवून घेतलं आणि नुकसानभरपाईचं विचारलं. भातशेती बुडाली त्यांचे पंचनामे झाले होते, ज्यांची जनावरं वाहून गेली त्यांचेही झाले होते. भीमाबाईंना तलाठ्यानं सातबारा मागितला होता. गुरचरणाचा सातबारा त्या कुठून आणणार?

आईनं ओळखीतून मदतीच्या आदेशाची प्रत मिळवली. चारा नष्ट झाल्यास जनावरामागे मदत द्यावी, असं त्यात एका ओळीत होतं. जमीन कोणाची, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. मात्र गुरचरणावर कोणाची किती जनावरं चरत होती, हे गावानं लिहून द्यायला हवं होतं.

भीमाबाई चार दिवस जनावरं मोजत घरोघर हिंडल्या. रविवारी त्या सांगत गेल्या आणि आई लिहीत गेली. शेवटचं, अकरावं नाव शेजारच्या राघोचं निघालं. सांडपाण्याच्या भांडणावरून आठ वर्षं तो त्यांच्याशी बोलत नव्हता. आईनं पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

"लिवा त्याचंबी," भीमाबाई म्हणाल्या. "चार शेल्या हायेत त्याच्या. त्या काय माज्याशी भांडल्या नाय."

अर्ज दिल्यावर महिन्याभरानं एक अधिकारी गावात आले. माणूस वाईट नव्हता, कामानं पिचलेला होता. त्यांनी कागद चाळले आणि एकही जनावर दगावलेलं नाही, मग नुकसान काय दाखवायचं, असं विचारलं.

भीमाबाईंनी पदर सावरला. "सायेब, म्हशी मेल्या असत्या तं तुमी लिवलं असतं. मी त्या जगवल्या, ही माजी चूक झाली का?"

अधिकाऱ्यांनी कागद मिटले. मग कुरण कुठे आहे ते दाखवा म्हणाले. सगळी माणसं त्यांच्यामागून बांधापर्यंत चालत गेली. जमिनीवर मिठाचा पांढरा थर साचला होता, बुटाखाली तो करकरत होता. पंचनामा तिथंच उभ्यानं लिहिला गेला.

पैसे यायला फाल्गुन उजाडला. महिन्या-दीड महिन्याच्या पेंढ्यापुरते होते ते, पण अकराही घरांना मिळाले. तोपर्यंत भीमाबाईंनी दोन म्हशी विकल्या होत्या. त्यातल्या एकीला नेताना त्या भावाच्या गोठ्याबाहेरच आल्या नाहीत, असं त्यांच्या मुलीनं आईला सांगितलं. राघो पुढेही त्यांच्याशी फारसा बोलला नाही, पण त्याच्या बायकोनं पावसाळ्याआधी येऊन त्यांच्या गोठ्याचं छप्पर शाकारायला हात लावला.

खारावलेली जमीन लगेच सुधारत नाही. पंच्याण्णवच्या पावसात कुरणावर गुरांना पुरेल एवढं गवत उगवलं, तेव्हा उरलेल्या चार म्हशी भीमाबाईंनी आंबिवलीहून घरी आणल्या. श्रावणातल्या एका सकाळी दार वाजलं. मी उघडलं. दोन वर्षांत भीमाबाई बऱ्याच वाळल्या होत्या, पण हातात दुधाची किटली होती.

"आईला सांग," त्या म्हणाल्या, "भांडं घेऊन या."