धुळ्याची एकच जागा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळं जळगाव जाणतं.

गुरांच्या डॉक्टरची गोष्ट मात्र मी शंभरदा रंगवली आहे. मी आणि माझा खोलीसोबती सुपडू, चोपड्याकडचा, जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. धुळ्याला इंजिनिअरिंग डिप्लोमाची एक जागा रिकामी झाली, दोघांनाही बोलावणं आलं. तिथं पाहतो तर माझ्या गुणपत्रिकेच्या नकलेवर सरकारी अधिकाऱ्याची सही नाही. जवळ अधिकारी कोण? गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. एका हातात म्हशीची शेपटी, दुसऱ्या हातात शिक्का — लोक पोट धरून हसतात, आणि मी तिथंच थांबतो.

पण ती म्हैस मी पाहिलेलीच नाही. सहीला सुपडू गेला होता. साहेबलोकांसमोर माझी वाचा बसायची.

"तू आठेच थांब," तो म्हणाला. "मी लई येस." सही तोच घेऊन येणार होता.

पुकारा दुपारनंतर होणार होता. कारकुनाने आधीच सुरू केला. यादीत सुपडू पहिला, मी दुसरा. मी जिन्यात उभा — भ्यालेलो. प्रयोगशाळेत माझा एकही प्रयोग धड होत नव्हता. परत गेलो तर नापास ठरलेलं. आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, तर गावभर सांगून टाकलं होतं, पोरगा इंजिनिअर होतोय. कुठल्या तोंडाने घरी जाणार होतो?

सुपडूचं नाव दोनदा पुकारलं गेलं. मग कारकून माझ्याकडे वळला. "तुझ्यासोबतचा ना तो? कुठंय?"

"गावी गेला. त्याला जागा नको आहे."

सहीची नक्कल मागाहून दे म्हणत त्याने माझं नाव लिहिलं, तसा मी खाली धावलो, सुपडूला जिन्याच्या पायथ्याशीच अडवलं. वर गेला असता तर? जागा भरली, मला मिळाली, एवढंच सांगितलं. त्याने सही केलेली नक्कल माझ्या हातात दिली. "जाऊ दे भो, एकले तं भेटनी ना." दोघांतल्या एकाला तरी मिळाली, यातच तो खूश.

मी इंजिनिअर झालो. तो शाळेत प्रयोगशाळेच्या बाटल्या धुतो. दर दिवाळीला येतो, माझ्या मुलांना सांगतो, मलाच उशीर झाला रे. तो बोलायला लागला की मी फराळाचं ताट त्याच्यापुढे सरकवतो — आज याला कळेल, आज नक्की.

आणि उशीर त्याला झालाच नव्हता. जिन्याच्या खिडकीतून फाटक दिसायचं. दुसरा पुकारा झाला तेव्हा तो आत येत होता, माझा कागद उंच धरून. मला पाहून त्याने हात हलवला. मी खिडकीकडे पाठ केली, आणि मग कारकुनाला उत्तर दिलं.