काँक्रीट ओतण्याआधीची सही

परवाना हातात आला त्या दिवसापासून मामांची झोप उडाली होती. खरं तर आता तरी त्यांना निवांत झोप लागायला हवी होती. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या परवान्यावर स्लॅब टाकले. कागदावर नाव मोठ्या ठेकेदारांचं, उन्हात उभे मामा. काम चांगलं झालं की कौतुक ठेकेदारांचं, काही चुकलं की बोलणी मामांना. त्याबद्दल मामांची फारशी तक्रार नव्हती, कारण कागद म्हटला की ते चार हात लांबच राहायचे.

पण नगरपालिकेनं नियम बदलला. जो काँक्रीटचं काम करतो, परवाना त्याच्याच नावावर हवा. चोपन्नाव्या वर्षी मामांना लेखी परीक्षेला बसावं लागलं. अर्ज लेकीनं भरला आणि अभ्यास बायकोनं करून घेतला. भाजी चिरता चिरता ती मांडीवरच्या पुस्तकातून विचारायची, "काँक्रीट टाकल्यावर पाणी किती दिवस मारायचं?"

"अगं, हे तू मला विचारतेस?"

"मी कशाला विचारू? पुस्तक विचारतंय. त्याला तुम्ही कोण ते माहीत नाही."

मामा पास झाले. परवान्याचं कार्ड आलं, त्यावर मामांचा घाबरलेला फोटो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या. प्रत्येक स्लॅबच्या आधी पालिकेचा तपासनीस स्वतः येऊन सळ्या बघेल आणि सही करेल. त्याशिवाय काँक्रीट ओतलं तर परवाना रद्द, आणि पुढची पाच वर्षं नवा मिळणार नाही. मामांनी ती अट इतक्या वेळा वाचली की शेवटी बायकोनं कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. पाच वर्षांनी आपण एकोणसाठ वर्षांचे होऊ, हा हिशेब काही साड्यांखाली गेला नाही.

स्वतःच्या नावावरचा पहिला स्लॅब एका दुमजली घराचा होता. समोर रस्त्याच्या बाजूला चार फूट बाहेर आलेली गॅलरी. आदल्या संध्याकाळी सळ्या बांधून झाल्या. मामांनी गुडघ्यांवर बसून एकेक गाठ हातानं ओढून पाहिली. तपासनीस बाई सकाळी नऊ वाजता येणार होत्या, म्हणून काँक्रीटची गाडी साडेदहाला सांगितली. चूक इथेच झाली. सही हातात पडल्यावर गाडी सांगायची, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण बावीस वर्षं गाडी आदल्या दिवशीच सांगायची सवय. तोंडातून वेळ निघून गेली आणि मग फिरवायचा धीर झाला नाही.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. बाईंचा फोन लागेना. मामा स्लॅबवर चढले. रस्त्याचं वळण फक्त गॅलरीच्या टोकावरून दिसायचं. ते तिथे जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. दहाला ते एकदा खाली उतरले, पाणी प्यायले आणि पुन्हा चढले.

सळ्या बांधणारा फिटर जुना माणूस, मामांबरोबर पंधरा वर्षं असलेला. तो खाली सावलीत बसून म्हणाला, "मामा, बसा जरा. तुम्ही चालल्यामुळे त्या बाई लवकर येणार नाहीत."

"बसलो तर दिसणार कशा?"

"दिसल्यावर काय करणार? पळत जाऊन उचलून आणणार?"

साडेदहाला वळणावरून गाडीच आली, पोट फिरवत, डुलत. चालक खाली उतरला आणि वर बघून म्हणाला, "कुठे ओतायचं?"

"जरा थांबा. सही व्हायची आहे."

"थांबतो की. मला काय, मी थांबेन. काँक्रीट थांबणार नाही."

सव्वाअकराला चालकानं दुसऱ्यांदा घड्याळ दाखवलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अजून पाऊण तास गेला की माल घट्ट होऊ लागणार, आणि गाडीतच बसला तर आत शिरून फोडायला त्यालाच लागणार. कामावरची अकरा माणसं हातात फावडी घेऊन मामांकडे बघत उभी होती.

फिटर वर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, टाकून घेऊ. बाई आल्या की सांगू, तुमचीच वाट बघून बघून टाकलं. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते कोणाला दिसतंय?"

"तीच तर भानगड आहे."

"कसली भानगड? सळ्या मी बांधल्यात, तुम्ही तपासल्यात. बाई येऊन वेगळं काय बघणार? एवढा विश्वास नाही का माझ्यावर?"

विश्वास होता. म्हणूनच मामांना ते जास्त जड गेलं. त्यांनी मोठ्या ठेकेदारांना फोन लावला. ठेकेदार हसले. "अरे, आमच्या वेळी कोण येत होतं बघायला? टाक बिनधास्त. आणि भीती वाटत असेल तर माझ्या नावावर दाखव. जुना कागद आहे माझा, अजून चालतो."

क्षणभर मामांना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुसऱ्याचं नाव पुढे करून उन्हात उभं राहणं किती सोपं होतं. त्यांनी फोन बंद केला. पुन्हा गॅलरीच्या टोकाला गेले. रस्ता रिकामा. पावणेबारा वाजता त्यांनी खाली वाकून चालकाला सांगितलं, "घेऊन जा परत."

"नक्की? माल वाया गेला तर तुमच्या माथी येईल बरं."

"येऊ दे."

गाडी गेली. फिटर डबा उघडून पाठमोरा बसला.

साडेबाराला तपासनीस बाई आल्या, घामानं डबडबलेल्या, खांद्याला पिशवी. "आधीच्या साईटवर एक खांब उघडून बघावा लागला," एवढंच म्हणाल्या आणि चढल्या. त्यांनी टेप काढला, मोजलं, लिहिलं, मान डोलावली. मामा दोन पावलं मागे राहून चालत होते, शाळेत वही तपासताना उभं राहावं तसे. आतला सगळा स्लॅब ठीक निघाला. मग बाई गॅलरीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या.

"इथे या जरा."

गॅलरीला खालून आधार नसतो. भिंतीतून बाहेर आलेलं ते सगळं वजन वरच्या थरातल्या सळ्या ओढून धरतात. त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली सळई वाकवून केलेल्या लहान खुर्च्या ठेवतात. इथल्या चार खुर्च्या आडव्या झाल्या होत्या आणि सळ्या बोटभर नाही, चांगली चार बोटं खाली बसल्या होत्या.

"इथे कोण फिरत होतं?" बाईंनी विचारलं.

फिटरनं घाईनं उत्तर दिलं. "कामगार असतील बाई. कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत."

मामा खाली बघत होते. सळ्यांखालच्या तेलकट फळीवर बुटांचे ठसे उमटले होते, टोकापर्यंत आणि परत, एकावर एक. बाकी सगळे चपला घालून होते. बूट फक्त मामांच्या पायात होते, परवान्याच्या नियमात आहेत म्हणून नवे घेतलेले.

"मीच फिरत होतो," मामा म्हणाले. "तुमची वाट बघत."

बाईंनी त्या ठशांकडे पाहिलं. "म्हणजे निम्मा दोष माझा म्हणा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्म उलटला. "पण शेरा लिहावा लागेल. तुमच्या नावावर जाईल. वर्षात तीन झाले तर सुनावणी होते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. लिहा."

फिटरनं नव्या खुर्च्या वाकवल्या, सळ्या उचलून बांधल्या, आणि कोणी पाय देऊ नये म्हणून वरून फळ्या टाकल्या. मामा त्या वेळात जिन्यात बसून होते. त्यांनी कोणी न सांगता बूट काढून ठेवले होते. अडीचला सही झाली, साडेतीनला दुसरी गाडी आली आणि उजेड असतानाच स्लॅब पडला.

घरी बायकोनं ताट वाढलं. "झाली सही?"

"झाली. शेरा पण मिळाला."

"परवाना राहिला ना? मग जेवा."

मामा घास हातात धरून बसले. "एक सांग, बावीस वर्षं गाडीची वाट बघताना मी कुठे उभा राहत असेन?"

बायकोला आधी कळलं नाही. मामांनी सांगितल्यावर तिनं ताटातला हात काढून घेतला. गॅलरीच्या टोकावरूनच रस्ता दिसतो, प्रत्येक घरात. आणि तेव्हा खाली बसून बघणारं कोणी नव्हतं.

"किती असतील अशा?" तिनं विचारलं.

"आठवतात त्या चाळीसेक."

"मग आठवतील तशा सांगा, मी लिहून घेते."

रविवारी दोघं पहिल्या घरी गेली. अकरा वर्षांपूर्वीचं काम. घरातल्या बाईंनी संशयानंच गॅलरीचं दार उघडलं. मामांनी चटई बाजूला करायला लावली आणि भिंतीलगत ओणवं होऊन बघितलं. गॅलरी जिथे घराला जोडली जाते तिथे एक रेघ होती. बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामांनी नखानं खरवडून पाहिली. नख आत गेलं.

"बाई, यावर कोणी उभं राहू नका. कपडेसुद्धा वाळत घालू नका."

"अहो, पण तुम्ही कोण?"

"हे काम माझं आहे."

त्यांनी तिथूनच तपासनीस बाईंना फोन केला. यावेळी लागला. बाईंनी पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध नोंदवू? इथे जुन्या कागदावर ठेकेदार दुसरेच दिसतायत."

मामांनी बायकोकडे पाहिलं. ती यादीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होती आणि त्याच पर्समधून तिनं परवान्याचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी चष्मा वर केला आणि आपला नंबर एकेक आकडा करून वाचून दाखवला. दुसरा शेरा होईल का, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

तपासणी मंगळवारी ठरली. तोवर थांबायला मामा तयार नव्हते. दुपारी फिटरला बोलावून त्यांनी आपल्या सेंट्रिंगमधले चार टेकू आणले आणि गॅलरीखाली घट्ट ठोकून उभे केले. घरातल्या बाई म्हणत राहिल्या की आता गाडी कुठे लावायची. मामांनी प्रत्येक टेकू दोन्ही हातांनी हलवून पाहिला, मग पुन्हा एकदा हलवून पाहिला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पुढचा पत्ता सांग."