दोन वाड्यांचा नारळ

मासे विकणाऱ्या गुणवंतीचा मुलगा सर्वेश जाळ्यांवरून दोन वाड्यांत झालेल्या मारामारीत गेला. पुन्हा कुणाचा पोरगा जाऊ नये म्हणून तिने घरोघर फिरून नारळीपौर्णिमेला शांतीफेरी काढली. यंदा दोन्ही वाड्यांनी मिळून समुद्राला एकच नारळ द्यायचा, असं ठरलं. सगळे मुकाट्याने बंदरापर्यंत चालत आले.

पाण्याशी पोचताच गुणवंतीच्या वाडीतला रघू म्हणाला, "नारळ सोडायचा मान आमच्या वाडीचा."

"कधीपासून रे? काल होडी घेतलीस, नि आज मान?" पलीकडच्या वाडीतला एकजण ओरडला.

एकमेकांच्या कॉलरी धरल्या गेल्या. गुणवंतीने नारळ पदराखाली घेतला. "एकत्र याल तेव्हा न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वाड्यांनी वेगवेगळे नारळ सोडले आणि होड्या लोटल्या.

तिचा नारळ अजून सर्वेशच्या फोटोपुढे आहे. हलवला तर आता आत पाणी वाजत नाही.