कादंबरीचा दुसरा भाग

आमच्या वाचनालयाचा अकरावा नियम माझ्याच हातचा. सभासदाने पुस्तक स्वतः येऊन न्यावे, दुसऱ्या कोणाच्याही हाती ते दिले जाणार नाही. त्या काळी तुंगार्लीतले बंगलेवाले माळ्याकडे चिठ्ठी देऊन पुस्तके मागवत, आणि रविवारी संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर गाडीत बसून मुंबईला जात. पुढच्या शनिवारी परत येत ते फक्त बंगलेवाले. नियम झाला आणि पुस्तके कपाटात राहू लागली. पुढे बंगलेवाल्यांनी वाचायचेच सोडले. नियम राहिला, आणि कार्यवाह म्हणून मीही राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर औंढ्याचे दूधवाले भाऊ काउंटरशी आले. त्यांच्याच गावातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंची चिठ्ठी त्यांच्याकडे होती. या बाई आमच्या सर्वांत जुन्या सभासद. दर गुरुवारी एसटीने यायच्या, पुस्तक बदलून लगेच परतायच्या. अंगणात पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग त्यांनी वाचून परत पाठवला होता आणि दुसरा मागितला होता.

पहिला भाग मी जमा करून घेतला. परत घेण्याला नियमाची हरकत नव्हती. दुसरा मात्र देता येणार नाही, असे सांगितले.

"आवं, रोज दोन कॅन दूध आणतो मी हितं. एक थेंब सांडत न्हाई. पुस्तक काय सांडंल?"

मी हसलो, आणि भिंतीवरची नियमावली दाखवली.

"मग तुमच्या नावावर काढा. बाई काय मुंबईला पळत्यात व्हय?"

हे मला सहज करता आले असते. पण कार्यवाहानेच पळवाट काढायची? नियम कालबाह्य असेल तर तो रीतसर, सगळ्यांसाठी बदलला पाहिजे, असे मी भाऊंना सुनावले. तेव्हा ते वाक्य मला फार आवडले होते.

नियम बदलायला सर्वसाधारण सभा लागते. पहिल्या सभेला कोरम भरला नाही, कारण रविवार होता आणि अध्यक्ष पर्यटकांच्या गाड्यांत घाटात अडकले होते. दुसऱ्या सभेत दुरुस्ती मंजूर झाली. पण नुसती मंजुरी अध्यक्षांना कोरडी वाटली. तिला त्यांनी 'ग्रंथ आपल्या दारी' असे नाव दिले, बॅनर छापायला टाकला आणि शुभारंभासाठी प्रमुख पाहुणे ठरवले. पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत अंमलबजावणी थांबली. पाहुणे फारच प्रमुख होते.

मधल्या काळात भाऊ आठवड्याला डोकावून जात. बाई विचारतात, असे म्हणत. एकदा निरोप आला, की गोष्टीत पुढे काय होते तेवढे तरी तोंडी सांगा. मी म्हणालो, सांगितले तर वाचायची मजा जाईल. नंतर भाऊंनी विचारायचे सोडले. मला वाटले, कंटाळले असतील.

उन्हाळ्यात तारीख मिळाली. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर आणि बॅनर घेऊन आम्ही औंढ्याला गेलो. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पाहुणे वाचनसंस्कृतीवर बोलले. मी पुस्तक बाईंच्या हातात दिले. त्यांनी ते उघडले, एक-दोन पाने चाळली आणि शिस्तीत मला परत केले.

"हा दुसरा भाग आहे. पहिला वाचल्याशिवाय दुसरा कसा घेऊ?"

त्यांची सून मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, की दोन महिन्यांपासून असेच चालले आहे. जेवल्याचेही लक्षात राहत नाही. हिवाळ्यात मात्र रोज या पुस्तकाची वाट बघायच्या, दुपारी दूधवाल्या भाऊंची गाडी परतली की दाराकडे मान वळायची.

फोटोसाठी पुस्तक पुन्हा त्यांच्या हातात ठेवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी मी पहिला भाग भाऊंच्या हाती पाठवला. नव्या नियमाप्रमाणे तेवढी एकच नोंद झाली. पंधरा दिवसांनी भाऊंना विचारले, बाई वाचतात का?

"वाचत्यात की. रोज पहिल्या पानापास्नं. लय चांगलं पुस्तक हाय म्हणत्यात."

मुदत संपते तेव्हा मी ती वाढवतो. दुसरा भाग कपाटात आहे. तो मागायला अजून कोणी आलेले नाही.