लिंबाच्या ओंडक्यातलं लोखंड

आमची आरागिरणी चाकावर होती. लोखंडी गाड्यावर टेबल, टेबलाच्या मधोमध गोल पातं, थोडं लांब जमिनीत खुंट्या ठोकून घट्ट बसवलेलं डिझेल इंजिन आणि दोघांना जोडणारा पट्टा. माझा नवरा नांदेडला एका मोठ्या गिरणीत कामाला होता. तिथं शिकला आणि तिथल्याच मोडीत निघालेल्या सामानातून त्यानं हा गाडा बांधून घेतला. दुष्काळात लोकांनी बैलं विकली होती, लाकूड गिरणीपर्यंत न्यायचं कशात? म्हणून गिरणीच लाकडापाशी न्यायची, असं त्याचं डोकं चाललं.

लाकूड भरपूर होतं. लातूर नवा जिल्हा झाला होता. तिकडं कचेऱ्या, दुकानं, घरं उभी राहत होती, चौकटींना आणि सेंट्रिंगला लाकूड पुरत नव्हतं. इकडं औसा तालुक्यात पावसानं पाठ फिरवलेली. विहिरींवरची, बांधावरची झाडं शेंड्याकडून वाळत आली होती. आम्ही गाडा ट्रॅक्टरला जोडायचो, एका गावात काम असेल तोवर राहायचो आणि पुढं निघायचो.

गावात शिरलो की पहिले काही दिवस कोणी जवळ यायचं नाही. एका गावात वाटलं, नव्या कलेक्टर कचेरीनं झाडं मोजायला माणसं पाठवलीत. दुसऱ्या गावात म्हणाले, हे आधी झाडं बघून जातात आणि मागून जमिनीवर नोटीस येते. एकानं मला सरळच विचारलं, "बाई, खरं सांगा, तुमचा सायब कोण हाय?"

"आमचा सायब हे इंजिन. रोज सकाळी त्याच्याच पाया पडावं लागतं," मी म्हणाले. तो हसला नाही.

आम्हीही काही भोळे नव्हतो. आलेलं झाड खरंच या माणसाचं आहे की भावाच्या बांधावरचं उतरवून आणलंय, हे चारचौघांत विचारून घ्यायचो. परवाना बघितल्याशिवाय नवरा पातं फिरवायचा नाही. कापताना तो ओंडका पुढं ढकलायचा आणि मी पलीकडून फळी ओढून घ्यायची. दुपारी इंजिन थंड झालं की मी कानस घेऊन पात्याच्या दातांना धार लावत बसायचे. कामाच्या वेळी मी मंगळसूत्र काढून पेटीत ठेवत असे. पट्ट्यात अडकलं तर मान जायची, म्हणून गळ्यात नुसता काळा दोरा. गावातल्या बायकांना ते खटकायचं. टँकरच्या रांगेत त्या माझ्या गळ्याकडं बघायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. ही खरंच लग्नाची आहे का, असा तो अर्थ.

ज्या गावाची ही गोष्ट, तिथं आम्ही गावाबाहेरच्या गायरानावर गाडा लावला होता. समोर रस्त्याला चहाचं हॉटेल. तिथं दोघे भाऊ रोज येऊन बसायचे. हातानं लाकूड कापणारे होते ते. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात, आणि मध्ये लांब करवत. आम्ही आलो आणि त्यांचं काम बसलं. ते कधी काही बोलले नाहीत, नुसते आमच्याकडं बघत बसायचे.

"यांची नजर मला बरी दिसत न्हाई," नवरा म्हणायचा.

माझा डोळा मात्र दुसरीकडंच होता. एक म्हातारी रोज भुसा न्यायला यायची. डब्याची शेगडी करून त्यात भुसा ठासून भरला की संध्याकाळचा स्वयंपाक होतो, म्हणून पुष्कळ बायका भुसा न्यायच्या. पण या म्हातारीला आधी माहिती लागायची. "हे लाकूड कुठलं? आन् उद्या कुणाचं कापणार?" बाभूळ म्हटलं की पोतं भरून निघून जायची. कडुलिंब म्हटलं की थांबायची, ओंडक्याभोवती फिरायची, सालीवरून हात फिरवायची. एकटीच राहायची ती. मुलगा लातूरला बांधकामावर गवंडी होता. भुशासाठी एवढी चौकशी कोण करतं? ही कुणासाठी तरी खबर काढतेय, असं माझ्या मनानं घेतलं.

मग गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं लिंबाचा ओंडका आणला. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळाला भस्म, बोलणं हळू. त्यांनी लातूरला जागा घेतली होती आणि विहिरीवरच्या लिंबाच्या चौकटी करून नव्या घराला बसवायच्या होत्या. ओंडका आमच्या टेबलावर जेमतेम मावेल एवढा. अप्पांनी घरून बाज मागवली आणि गाड्याशेजारी टाकून बसले. फळ्या बदलू नयेत, म्हणून. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, सगळेच तसं करायचे.

पातं निम्म्यात गेलं आणि एकदम कर्कश आवाज झाला. ठिणग्या उडाल्या. पात्याचे दात तुटून एक तुकडा पत्र्यावर खणकन आपटला. नवऱ्यानं पट्टा उतरवला, इंजिन बंद केलं आणि आधी मला आपादमस्तक बघितलं. मला लागलं नव्हतं. मग त्यानं चिरेत वाकून बघितलं.

"लोखंड हाय आत," तो म्हणाला आणि वळून थेट हॉटेलकडं बघितलं. दोघे भाऊ बाकावरून उठून उभे राहिले होते. "ठोकलंय कुणीतरी. हात लावू देऊ नको कुणाला याला. गावाला दाखवायचंय."

त्यानं ओंडक्यावर ताडपत्री टाकली, दोरीनं बांधली आणि नवं पातं आणायला तशीच लातूरची एसटी पकडली. अप्पा ताडपत्रीच्या गाठींकडं बघत बसले. मग बाज तिथंच ठेवून घरी गेले.

दुपारी म्हातारी आली. आज तिच्याकडं पोतं नव्हतं.

"लेकी, काय निघालं त्यातून?"

"काय निघायचंय? काही नाही."

"मग झाकलं कशापायी?"

"तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

ती माझ्याजवळ खाली बसली. आवाज अगदी बारीक केला. "जिथं पातं अडकलं, तेवढा तुकडा मला दे. जाळणार न्हाई, चिरणार न्हाई. हाय तसा ठेवीन."

माझा संशय पक्का झाला. म्हटलं, हिनंच कुणाच्या तरी सांगण्यावरून लोखंड घातलंय आणि आता पुरावा न्यायला आलीय. "झाड अप्पांचं हाय, त्यांना मागा," मी म्हणाले.

"त्यांना न्हाई मागता येत," म्हणाली आणि उठून गेली. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बोलत होतो, ते घागरी घेऊन चाललेल्या बायकांनी बघितलं.

टँकरच्या रांगेत उभी राहिले तेव्हा कळलं, काय झालंय ते. लिंबात सोनं निघालं म्हणे. रझाकारांच्या वेळी अप्पांच्या वाडवडिलांनी दागिने विहिरीजवळ कुठं तरी लपवले होते, ते झाडाच्या ढोलीत असणार, झाड वाढत गेलं आणि ढोल मिटली. गिरणीवाल्यांना ते सापडलं, म्हणून ताडपत्री टाकली, म्हणून नवरा तडकाफडकी लातूरला गेला. माझ्यापुढची बाई घागर घेऊन माझ्यापासून दोन पावलं सरकली.

नवरा संध्याकाळी पातं घेऊन आला, तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे त्या भावांनीच उठवलं."

सकाळी अप्पा आले. बरोबर गावातली माणसं, मागं बायका. अप्पांचा आवाज नेहमीसारखाच हळू. "पाव्हणं, राग धरू नका. एकदा पेटी उघडून दाखवा."

"दाखवतो की," नवरा म्हणाला. "पर लोखंड कुणी ठोकलं, ते आधी सांगा. आमचं पातं गेलंय."

"लोखंड निघालं का आणखी काही, ते तुमालाच ठावं."

मीच पुढं होऊन पेटी उघडली. कानशी, ग्रीसचा डबा, माझी लुगडी, त्याचे सदरे, सगळं अप्पांनी स्वतः बाहेर काढून बाजेवर मांडलं. तळाला चिंधीची पुरचुंडी होती. ती सोडली आणि सोन्याच्या दोन वाट्या त्यांच्या तळहातावर आल्या.

"हे?"

"माझं मंगळसूत्र हाय."

"लग्नाची बाई मंगळसूत्र पेटीत ठेवती?"

मी पट्ट्याचं सांगितलं. जाऊन पट्टा हातानं ओढून दाखवला. ज्या बायका रोज माझ्या गळ्याकडं बघत होत्या, त्यांच्यापैकी एकही बोलली नाही. त्या वाट्या माझ्या आईनं घडवून घेतल्या होत्या. परक्या माणसाच्या हातावर त्या इतक्या लहान दिसत होत्या, की मलाच क्षणभर वाटलं, या माझ्या नव्हेतच.

तेवढ्यात मागून म्हातारी पुढं आली. लोकांना बाजूला सारत आली आणि अप्पांपुढं उभी राहिली.

"तिचं तिला द्या, अप्पा. झाडात सोनं न्हाई. खिळा हाय. माझ्या पोराचा."

कुणाला काही समजेना. मग तिनं सगळं सांगितलं. मुलगा लहान असताना त्याला फेफरं यायचं. देवरश्यानं खिळा मंतरून दिला आणि म्हणाला, उभ्या लिंबात ठोका, दुखणं झाडात बांधलं जाईल. भर दुपारी विहिरीवर कोणी नसताना तिच्या नवऱ्यानं तो ठोकला. पोराला परत झटका आला नाही. तेव्हापासून ती त्या झाडावर लक्ष ठेवून होती. झाड तोडलं तेव्हा तिला काही बोलता आलं नाही. खिळा लाकडातून सुटू नये, एवढंच तिला पाहिजे होतं.

"माझ्या झाडात?" अप्पा म्हणाले. "माझ्या विहिरीवर?"

कडेला उभा असलेला एकजण म्हणाला, "आन् आता पोराची सोयरीक करून राहिलीस. पोरीच्या बापाला सांगितलंस का हे?"

म्हातारीनं पदर पुढं ओढला.

अप्पांनी वाट्या माझ्या हातावर ठेवल्या, पण त्यांचं मन भरलं नव्हतं. "खिळा हाय का आणखी काय, ते सगळ्यांसमोर बघू," म्हणाले. आमच्या गिरणीवर त्यांचा विश्वास नव्हता. हॉटेलातून दोघा भावांना बोलावलं. त्यांनी लांब करवत लावली आणि पातं अडकलं त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी ओंडका आडवा कापला. माझा नवरा हाताची घडी घालून त्यांच्या अगदी जवळ उभा राहिला. अजूनही त्याला वाटत होतं, हे आत्ता काही तरी हातचलाखी करतील. मधला तुकडा सुटला, त्यात पाचर मारून फोडला. आत बोटाएवढा जाड, घडीव खिळा होता. भोवतीचं लाकूड काळं पडलेलं आणि खिळ्याच्या माथ्यावर आमच्या पात्यानं पाडलेली चकचकीत खाच. त्यावर वीतभर लाकूड चढलेलं होतं. काल-परवा ठोकलेला खिळा एवढ्या आत जात नाही, हे नवऱ्याला दिसलं.

धाकटा भाऊ करवत पुसत म्हणाला, "आमच्यावर संशय होता ना?"

"होता," नवरा म्हणाला.

"आमचा बी तुमच्यावर होता."

"कशाचा?"

"सोन्याचा."

अप्पांनी त्या लाकडाला परत हात लावला नाही. त्यांच्या घरात मागच्या काही वर्षांत जे जे वाईट झालं होतं, ते सगळं त्यांना आता त्या खिळ्यापाशी येताना दिसत असावं. विहीर का आटली, हेसुद्धा. चौकटीचा विचार त्यांनी सोडला. लिंब बरेच दिवस तसाच पडून होता. मग एका ठेकेदाराचा ट्रक लातूरकडं घेऊन गेला.

खिळा म्हातारीनं मागून घेतला. तो तिला दुसऱ्या लिंबात ठोकायचा होता, पण ती कुठल्या झाडाजवळ थांबली, की झाडाचा मालक घरातून बाहेर यायचा. तिनं तो पदराला बांधला. भुसा न्यायला ती परत आली नाही.

सोयरीक मोडली. बातमी पोरीच्या गावाला पुढच्या बाजाराआधीच पोचली होती. मुलगा लातूरहून आला आणि सरळ आमच्याकडं आला. उंच, सडपातळ, हाताला सिमेंटच्या भेगा. नवऱ्यानं हळूच इंजिनचं हँडल हातात घेतलं. पण तो भांडायला आला नव्हता. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, माय खरं बोलली का?"

"मला काय माहीत?"

"मला फेफरं आल्याचं मला काहीच ठाव न्हाई. बापानंबी कधी विषय काढला न्हाई. तिला ती पोरगी पसंत नव्हती. मोडायचं म्हणून तर रचलं नसंल?"

तो आपल्या आईवर संशय घेत होता, आणि तो संशय मला खोटाही वाटेना. पण त्या दुपारचं मला आठवलं. "तुमची माय सगळ्यांसमोर बोलली, त्याच्या आदल्या दिवशी एकटीच आली होती," मी म्हणाले. "कुणी नव्हतं तेव्हा. तुकडा मागत होती. रचायचं असतं तर लपून कशाला मागितला असता?"

मला वाटलं, त्याला बरं वाटेल. मग त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघितलं.

"मी परांचीवर काम करतो, बाई. तिसऱ्या मजल्यावर."

"इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

"इतकी वर्षं खिळा व्हता."

नवऱ्यानं चहा सांगितला, त्यानं घेतला आणि तो गेला. दोन दिवसांनी तो आईला घेऊन लातूरच्या एसटीत बसला.

आम्ही ते गाव सोडलं. नवरा तेव्हापासून प्रत्येक ओंडका हातोडीनं वाजवून बघायला लागला आणि लिंब आला की मालकाला बाजूला घेऊन विचारायचा, यात कुणाचं काही नाही ना? लोक त्याच्याकडं विचित्र नजरेनं बघायचे.

पुढं एकदा फळ्या पोचवायला लातूरला एका बांधकामावर गेलो, तर तो तिथं होता. वरती गवंडी काम करत होते आणि हा खाली उभा राहून विटा वर फेकत होता. त्यानंच हाक मारली. लग्न झालं होतं, निलंग्याकडची मुलगी. तिच्या बापाला आधीच सगळं सांगितलं, म्हणाला. झटका एकदाही आलेला नव्हता. तरी वर चढत नव्हता.

"मजुरी कमी पडते," तो म्हणाला, "पर माय चढू देत न्हाई."

म्हातारी वाळूच्या ढिगाला टेकून बसली होती. मी जवळ जाऊन "मावशी" म्हटलं. तिनं मला ओळखलं, मान हलवली. पण मुलावरची नजर तिनं काढली नाही.